विमान तिकिटावरच्या करांतून विमानतळांचा आणि एटीसीचा खर्च भागतो का?

तुम्ही विचारलंय की बेस फेअरच्या, म्हणजे मूळ भाड्याच्या, खाली 'टॅक्सेस अँड फीज' म्हणून जी रक्कम जोडली जाते, तिच्यातूनच विमानतळ बांधले जातात आणि एटीसीवाल्यांचे, म्हणजे विमानांना वाट दाखवणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांचे, पगार होतात का. मी तिकीट बुकिंगच्या व्यवसायात आहे, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर सतत ऐकतो. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. विमानतळाला पैसे मिळतात, पण ते करातून नाही, शुल्कातून. आणि एटीसीचे पैसे त्या यादीत दिसतच नाहीत.

आधी खरा कर बघू. जीएसटी इकॉनॉमीला 5 टक्के आणि वरच्या वर्गांना सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के. हा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, विमानतळासाठी वेगळा ठेवला जात नाही. इंधनाचंही तसंच. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, अजून जीएसटीत आलेलं नाही. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि वर राज्याचा व्हॅट असतो. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा व्हॅट 25 टक्क्यांवरून 18 वर आणला. तिकिटावर तो दिसत नाही, भाड्यातच मुरलेला असतो. कधीकधी 'वायक्यू' अशी ओळ दिसते, तो इंधन अधिभार. तो कर वाटतो, पण जातो विमान कंपनीच्या खिशात.

आता विमानतळाकडे जाणारी ओळ, यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरल्याबद्दल प्रवाशाकडून घेतलं जाणारं शुल्क. प्रत्येक विमानतळाचा दर वेगळा. मोठ्या विमानतळांचे, म्हणजे वर्षाला 35 लाखांहून जास्त प्रवासी असलेल्यांचे, दर 'एरा' हे नियामक प्राधिकरण पाच-पाच वर्षांसाठी ठरवतं. पुढच्या पाच वर्षांत विमानतळ चालवायला किती खर्च येईल, बांधकामात गुंतवलेल्या पैशांवर किती परतावा द्यायचा, घसारा किती, याची बेरीज करायची. दुकानं, पार्किंग, जाहिराती यांच्या उत्पन्नातला 30 टक्के भाग त्यातून वजा करायचा. जे उरेल ते विमान कंपन्यांकडून लँडिंग-पार्किंगच्या आकारातून आणि प्रवाशांकडून यूडीएफमधून वसूल करायचं. उरलेले 70 टक्के विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे राहतात. माझ्या मते हे प्रमाण प्रवाशांवर अन्याय करणारं आहे. ती दुकानं चालतात ती आपल्या गर्दीमुळेच.

याचा परिणाम मुंबईतच बघा. 2025 च्या आदेशात मुंबई विमानतळावर देशांतर्गत जाणाऱ्या प्रवाशाला 175 रुपये आणि येणाऱ्याला 75 रुपये यूडीएफ ठरला. नवी मुंबईसाठी सुरुवातीला जे तात्पुरते दर मंजूर झाले ते 620 आणि 270. एकाच शहराच्या दोन विमानतळांत एवढा फरक पडतो, कारण नवी मुंबईचं बांधकाम नवं, त्यावरचा परतावा आत्ताच सुरू होतो आणि तो वाटून घ्यायला सुरुवातीला प्रवासी कमी. म्हणजे आज विमानतळ वापरणारा माणूस कालचं बांधकाम फेडत असतो. मागच्या पाच वर्षांत अंदाजापेक्षा कमी वसुली झाली असेल, तर ती तूटही पुढच्या दरात धरतात. कोविडमध्ये विमानं जमिनीवर होती, त्या काळातला खड्डा नंतरच्या प्रवाशांनी भरलाय.

दर ठरवण्याआधी एरा सल्लामसलतीचा मसुदा संकेतस्थळावर टाकतं आणि त्यावर कोणीही लेखी म्हणणं मांडू शकतं. विमान कंपन्या मांडतात, विमानतळ मांडतात. प्रवाशांनीही मांडायला हवं.

सुरक्षा शुल्क (एएसएफ) मात्र विमानतळ कंपनीचं उत्पन्न नाही. एप्रिल 2021 मध्ये ते देशांतर्गत प्रवासासाठी 200 रुपये झालं. ते एका स्वतंत्र ट्रस्टकडे जमा होतं आणि त्यातून सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाचा बंदोबस्त, तपासणी वगैरे खर्च भागतो.

आता एटीसी. मुंबई, नवी मुंबई, गोव्यातल्या मोपासारख्या खासगी विमानतळांवरही विमानांना वाट दाखवण्याचं काम एएआयकडेच, म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरण या सरकारी संस्थेकडेच आहे. त्याचं बिल प्रवाशाला नाही, विमान कंपनीला जातं. आकाशातल्या मार्गासाठी आरएनएफसी, विमानतळाजवळच्या मार्गदर्शनासाठी टीएनएलसी. मार्गाचा आकार विमानाचं वजन आणि कापलेलं अंतर यांवर. दुबईहून सिंगापूरला जाणारं विमान भारतात कुठेही उतरलं नाही, तरी आपल्या हवाई क्षेत्रातून गेलं की पैसे भरतं. रडार, रेडिओ, कंट्रोलरांचे पगार हे सगळं मुख्यतः यावर चालतं. पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं दाबोळी यांची गोष्ट निराळी. तिथला एटीसी अनुक्रमे हवाई दल आणि नौदल सांभाळतं.

तुमच्या मनातली पद्धत अमेरिकेत आहे. तिथे 1970 पासून या कामासाठी वेगळा निधी आहे आणि देशांतर्गत तिकिटावरचा 7.5 टक्के कर थेट त्यात जातो. ऐकायला छान वाटतं, पण निधीत पैसा असला तरी तो खर्च करायला तिथल्या संसदेची मंजुरी लागते. 2018-19 मध्ये खर्चाची मंजुरी अडली आणि सरकारी कामकाज 35 दिवस ठप्प झालं तेव्हा कंट्रोलर बिनपगारी काम करत होते. 25 जानेवारी 2019 ला कंट्रोलर कमी पडल्यामुळे न्यूयॉर्कच्या ला गार्डियाला येणारी विमानं रोखून धरावी लागली. 2011 मध्ये तर या कराची मुदतच संपली आणि दोनेक आठवडे तो बंद होता. बहुतेक विमान कंपन्यांनी लगेच तेवढंच भाडं वाढवून फरक स्वतःकडे ठेवला. म्हणून कर कमी झाला की तिकीट स्वस्त होईल, असं कोणी म्हटलं की मी गिऱ्हाइकाला तसा शब्द देत नाही.

आपल्याकडे अशा वेगळ्या निधीच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे, 'उडान'ची, म्हणजे लहान शहरांना विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या योजनेची, लेव्ही. डिसेंबर 2016 पासून मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर ती लागली, सुरुवातीला दर उड्डाणाला अंतराप्रमाणे 7,500 ते 8,500 रुपये. त्या पैशांतून लहान शहरांच्या विमानसेवांची तूट भरून काढतात. 27 एप्रिल 2017 ला योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली ती यातूनच. मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाने नांदेडसाठी थोडे पैसे द्यावेत, हे मला मनापासून पटतं. वाईट याचं वाटतं की मदत तीनच वर्षांची असते आणि ती संपली की अनेक मार्ग बंद पडतात.

एक कामाची गोष्ट. तिकीट रद्द केलंत किंवा विमान चुकलं, तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नियमानुसार सरकारी कर आणि यूडीएफ विमान कंपनीने परत करायचे असतात, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' किंवा सेलमधलं असलं तरीही. रद्द करण्याचा आकार बेस फेअर आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. पुष्कळ लोक 'गेले पैसे' म्हणून सोडून देतात. पीएनआर घेऊन कंपनीकडे मागा, एजंटकडून काढलं असेल तर एजंटकडे मागा.