वाचकांचे प्रश्न : ७७ हा आकडा नेमका कोणाचा?

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी नेदरलँड्समधील आइंडहोवनला जात आहे. जाण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात आम्हाला एक तक्ता दाखवण्यात आला. त्यात ‘सत्तेचे अंतर’ या निकषावर भारताला ७७ आणि नेदरलँड्सला ३८ गुण होते. आपल्याकडचा माणूस वरिष्ठांपुढे बोलत नाही आणि तिकडचा बोलतो, असा त्याचा अर्थ सांगितला गेला. मी तर साहेबांना तोंडावर स्पष्ट सांगणारा माणूस आहे. मग हा आकडा माझ्याविषयी काय सांगतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्याविषयी तो काहीच सांगत नाही, आणि हे प्रशिक्षणातच सांगायला हवे होते असे मला मनापासून वाटते. हा तक्ता डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांच्या संशोधनातून आलेला आहे. आयबीएम कंपनीने १९६७ ते १९७३ या काळात दोन फेऱ्यांत देशोदेशींच्या आपल्या कर्मचाऱ्यांकडून सुमारे १ लाख १६ हजार प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. हॉफस्टेड यांनी त्यांची देशवार सरासरी काढली आणि सत्तेचे अंतर, व्यक्तिवाद, पुरुषी मूल्यांचे प्राबल्य व अनिश्चितता टाळण्याचा कल (म्हणजे ठरलेले नियम हवेसे वाटणे) असे चार निकष १९८० साली मांडले. दीर्घकालीन दृष्टी आणि उपभोगाची मोकळीक हे दोन निकष पुढे जोडले गेले.

आता ७७ कसे तयार झाले ते पाहा, कारण सारी मेख तिथेच आहे. सत्तेच्या अंतराचा गुणांक फक्त तीन प्रश्नांवर उभा आहे. वरिष्ठांशी असलेला मतभेद बोलून दाखवायला कर्मचारी किती वेळा घाबरतात, हा पहिला प्रश्न. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी वरिष्ठांचे चार नमुने समोर ठेवले होते : निर्णय घेऊन हुकूम सोडणारा, निर्णय घेऊन तो समजावून सांगणारा, आधी सर्वांना विचारून मग स्वतः ठरवणारा आणि सर्वांच्या मताने चालणारा. यांपैकी तुमचा वरिष्ठ कोणता, आणि तुम्हाला कोणता आवडेल, एवढेच विचारले होते. पहिल्या प्रश्नाची देशाची सरासरी आणि पुढच्या दोन प्रश्नांतील टक्केवाऱ्या यांची बेरीज-वजाबाकी करून आकडा काढला गेला. एकट्या माणसाचा असा गुणांक निघूच शकत नाही, कारण एका माणसाच्या उत्तराला टक्केवारी नसते. ज्या देशाची सरासरी ७७ आहे तिथे तुमच्यासारखे स्पष्टवक्ते भरपूर असतील, आणि ३८ च्या देशातही साहेबाला बिचकणारे भेटतील. शिवाय हे गुण शेकड्यावरचे नाहीत. नंतर देश वाढत गेले तेव्हा मलेशियाचा गुणांक १०४ निघाला. त्यांचा उपयोग एका देशाशी दुसऱ्याची तुलना करण्यापुरताच आहे.

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. एकाच कंपनीचे नोकरदार म्हणजे देश कसा, हा प्रश्न व्यवस्थापनाचे अभ्यासक ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली विस्ताराने मांडला. पाकिस्तानातून पहिल्या फेरीत ३७ आणि दुसऱ्या फेरीत ७० जणांचीच उत्तरे आली होती, हे त्यांनी दाखवून दिले. हॉफस्टेड यांचे म्हणणे असे की, सगळे एकाच कंपनीतले आणि सारख्याच कामावरचे असल्यामुळे जो फरक उरतो तो देशाचा मानता येतो. हे म्हणणे फरकाच्या दिशेपुरते मला पटते. पण ३७ माणसांवरून देशाला अचूक गुण देणे मला पटत नाही.

म्हणून तक्ता फेकून देऊ नका, तो बैठकीत काय न्याहाळायचे हे ठरवण्यासाठी वापरा. आपल्या कार्यालयात ‘बघतो, सर’ याचा अर्थ पुष्कळदा ‘हे जमणार नाही’ असा असतो आणि तो साहेबांनाही कळतो. डच व्यवस्थापक मात्र ‘कोणाची काही अडचण?’ असे विचारतो तेव्हा तुमच्या गप्प राहण्याला तो होकार समजण्याची शक्यता मोठी आहे. अडचण असेल तर ती त्याच बैठकीत, पहिल्याच वाक्यात सांगा. तुमचा स्वभाव तसाच आहे, म्हणजे निम्मे काम झालेले आहे. एक मात्र लक्षात घ्या : डच भाषेतही आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखी ‘ये’ आणि ‘उ’ अशी दोन रूपे आहेत, तरी कार्यालयात वरिष्ठालाही बहुधा ‘ये’च म्हणतात. तेव्हा भाषेत आदराचे रूप आहे एवढ्यावरून सत्तेचे अंतर मोजता येत नाही.

तुमच्या प्रशिक्षणात बहुधा सुटलेली एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. अनिश्चितता टाळण्याच्या निकषावर भारताला ४० आणि नेदरलँड्सला ५३ गुण आहेत. म्हणजे आपल्याकडे साहेबाचा शब्द मोठा, पण लेखी नियमातून वाट काढायला फारसे कोणी कचरत नाही, असे भारताचे ७७ आणि ४० हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसते. आइंडहोवनला ‘बघू, करून टाकू’ ही आपली सवय अडचणीची ठरू शकते, आणि तिचा वरिष्ठांपुढे बोलण्या-न बोलण्याशी काही संबंध नाही.

प्रश्न : पन्नास वर्षांपूर्वीचे हे आकडे आज चालतात का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या काळात जन्मलेल्या पिढ्यांची उत्तरे ताडून पाहिली गेली. नव्या पिढ्यांत व्यक्तिवाद वाढलेला आणि सत्तेचे अंतर घटलेले आढळले. मात्र हा बदल बहुतेक देशांत एकाच दिशेने झाल्यामुळे देशांची एकमेकांच्या तुलनेतली जागा फारशी हललेली नाही. तेव्हा ७७ हा आजच्या भारताचा आकडा म्हणून सांगू नये, पण ‘नेदरलँड्सपेक्षा अधिक’ एवढे विधान करायला हरकत नाही.