विमानाच्या लँडिंगचा सराव सुरू करताय? आधी एवढं पक्कं करा
सुरुवातीला लँडिंग आदळत होतात, त्याने खट्टू होऊ नका. आधी वेग सांभाळा: फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत सरळ उतरण्याचा शेवटचा टप्पा) मॅन्युअलमध्ये दिलेला, साधारण स्टॉलच्या वेगाच्या (ज्याखाली पंखांची उचल तुटते) १.३ पट.

सगळ्यात घातक जागा म्हणजे बेसवरून (फायनलच्या आधीचा, धावपट्टीला काटकोनातला टप्पा) फायनलचं वळण. धावपट्टीची रेषा ओलांडली की पाय नकळत आतल्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) दाबतो, विमान जास्त कलतं, मग हात उलटा एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) देतो आणि नाक वर ओढतो. अशा घसरत्या वळणात आतला पंख आधी स्टॉल होतो, विमान गिरकीत जातं आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. बँक (विमानाचा कल) ३० अंशांच्या आत ठेवा, घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मध्यात. रेषा चुकली? गो-अराउंड करा (उतरणं सोडून पुन्हा वर जा), त्यात कमीपणा अजिबात नाही.

- गो-अराउंड: पूर्ण थ्रॉटल, सोबतच उजवा रडर (बहुतेक एक-इंजिनी विमानांत), ट्रिममुळे (उतरताना हातावरचा जोर कमी करायला केलेली जुळणी) उचलणारं नाक दाबून धरा, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) टप्प्याटप्प्याने आत घ्या.
- विमान उसळलं तर नाक खाली ढकलू नका, पुढचं चाक मोडतं.
- आडव्या वाऱ्यात टेकल्यावरही एलेरॉन वाऱ्याकडे.

आडव्या वाऱ्याचं बाकी तंत्र नंतर, प्रशिक्षकासोबत.