पंप सारखा चालू-बंद होत असेल तर मोटर बदलण्याआधी प्रेशर टँकमधलं पाणी सोडून हवा मोजा

तुम्ही लिहिलंय की एक नळ उघडला तरी पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होतो, गेजचा काटा थरथरतो, सर्व्हिसवाला येऊन प्रेशर टँक (पंपाजवळची, दाबाखाली थोडं पाणी धरून ठेवणारी बंद टाकी) बघून कागदावर 'टँकची हवा ओके' लिहून गेला आणि आता मोटर बदला म्हणतोय. अगदी याच वाटेने आमच्या बिल्डिंगची मोटर गेली, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी इंजिनिअर नाही, बरीच वर्षं पंपरूमची जबाबदारी माझ्याकडे आहे एवढंच, त्यामुळे तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळं काही दिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. पण मोटर बदलायला आत्ता हो म्हणू नका.

पंप कसा चालतो, प्रेशर स्विच (प्रेशर उतरलं की पंप चालू आणि वाढलं की बंद करणारा) कुठे असतो हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. थेट त्या 'हवा ओके'वर येतो, कारण आमचं सगळं नुकसान त्या दोन शब्दांत आहे.

आमच्याकडे ज्यांचं वार्षिक कंत्राट होतं त्यांचा माणूस यायचा, टँकवरचं प्लास्टिकचं टोपण काढायचा, हवेच्या पिनेला (टायरला असते तशी) गेज लावायचा, 45-50 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) दाखवलं की ओके लिहून सही घ्यायचा. आता यात चूक काय ते नीट बघा, कारण ऐकायला सगळं बरोबर वाटतं. टँकच्या आत रबराचा ब्लॅडर असतो, एका बाजूला पाणी दुसऱ्या बाजूला हवा, आणि लाइनमध्ये प्रेशर असताना रबर ढकललं जाऊन दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखंच होतं. म्हणजे पाणी 45 वर असेल तर हवेचं गेजही 45 च दाखवणार, मग आत हवा पुरेशी असो नाहीतर नावापुरती उरलेली असो. त्या रीडिंगवरून हवेबद्दल काहीच कळत नाही, तुमच्या लाइनचं प्रेशर तेवढं कळतं आणि ते तर बाहेरच्या गेजवर दिसतच असतं!

खरं रीडिंग फक्त पाण्याची बाजू शून्यावर आणल्यावरच मिळतं. पंपाचा मेन बंद, टँकच्या पुढचा (बिल्डिंगकडे जाणारा) व्हॉल्व्ह बंद, ड्रेन (टँकचं पाणी बाहेर सोडायचा नळ) उघडा, पाण्याचं गेज शून्यावर आलं की ड्रेन तसाच उघडा ठेवून पिनेवर गेज लावा. स्विच 40 ला चालू आणि 60 ला बंद होणारा असेल तर हवा 38 च्या आसपास हवी, म्हणजे चालू होण्याच्या आकड्यापेक्षा साधारण 2 पीएसआय कमी. 30-50 चा स्विच असेल तर 28. कमी असेल तर कॉम्प्रेसरने हळूहळू भरा, ड्रेन उघडा ठेवूनच. (स्पीड आपोआप कमी-जास्त करणारा ड्राइव्हवाला पंप असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथे हवा किती ठेवायची ते कंपनीच्या पुस्तकात बघा.)

एवढ्याशा हवेने काय होतं असं वाटेल. 24 लिटरचा टँक, स्विच 40-60, हवा 38 असेल तर पंप बंद झाल्यापासून परत चालू होईपर्यंत टँक साधारण 6 लिटर पाणी देतो. तोच टँक, हवा शून्याला आलेली, तर पावणेदोन लिटरसुद्धा धड नाही. एक नळ ते पाणी दहा-बारा सेकंदांत संपवतो. आणि मोटर प्रत्येक वेळी चालू होताना नेहमीच्या 5 ते 7 पट करंट ओढते, वाइंडिंग गार व्हायला वेळच मिळत नाही, कॉन्टॅक्टरचे (मोटरला करंट जोडणारा-तोडणारा पॅनेलमधला स्विच) पॉइंट जळतात. मोटर खराब असते म्हणून पंप असा चालत नाही, पंप असा चालतो म्हणून मोटर खराब होते.

आमच्याकडे आधी कॅपॅसिटर बदलला, मग प्रेशर स्विच, मग मोटर जळाली, आणि दर वेळच्या कागदावर हवा ओके. शेवटी एका वयस्कर प्लंबरने ड्रेन उघडला आणि पिनेवर गेज धरून ठेवलं, पाणी उतरत गेलं तसतसा हवेचा काटाही खाली खाली येत जवळजवळ शून्यावर टेकला. ते कागद घेऊन आम्ही कंत्राटवाल्यांच्या ऑफिसात गेलो तर म्हणे प्रत्येक कागदावर तुमची सही आहे. मोटरची वॉरंटी मागितली तर उत्तर आलं की मोटर वारंवार चालू-बंद झाल्याने जळालीय, हे वॉरंटीत बसत नाही. म्हणजे ज्या दोषासाठी त्यांना बोलावत होतो, जो त्यांनी कधी तपासलाच नाही, तोच दाखवून क्लेम नाकारला. मला आजही याचा संताप येतो, कारण त्या माणसाला पाच मिनिटं ड्रेन उघडायला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याचा भुर्दंड पूर्ण बिल्डिंगने भरला. म्हणून सांगतो, कागदावर 'ओके' लिहूच देऊ नका. 'पाणी शून्यावर असताना हवा अमुक पीएसआय' असा आकडा लिहायला लावा, तारीख घाला आणि स्वतः उभं राहून बघा.

पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर ब्लॅडर फाटलाय, हवा भरत बसू नका. इथे एक गोष्ट जिवावरची आहे. ब्लॅडर बदलताना फ्लँजचे (टँकच्या तोंडावरच्या बोल्टच्या झाकणाचे) बोल्ट सोडण्याआधी पाणीही शून्य आणि हवाही शून्य, दोन्ही. नुसतं पाणी सोडून पाना लावायचा नाही. हवेच्या बाजूला प्रेशर अडकलेलं असतं आणि दाबलेली हवा पाण्यासारखी लगेच शांत होत नाही, फ्लँज जोरात उडू शकतो. याच कारणाने दुरुस्त केलेला टँक कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट करू असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा, टेस्ट पाण्यानेच. आणि वेल्डिंगच्या सांध्यावर किंवा बुडाला गंज खाऊन पाझर असेल तर पुट्टी नाही, वेल्डिंग नाही, तो टँक बदलायचा.

तुम्ही ओघात लिहिलंय की सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत होता म्हणून त्याला प्लग मारलाय. हे वाचून मी दचकलो. बाकी सगळं उद्या करा, हे आज. पंप बंद करा, प्रेशर उतरवा, नवा व्हॉल्व्ह बसवा. स्विचचे पॉइंट चिकटले तर पंप थांबणारच नाही, आणि तेव्हा प्रेशरला बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. त्याचं सेटिंग टँकच्या प्लेटवर लिहिलेल्या कमाल प्रेशरपेक्षा जास्त नको, टँक आणि त्याच्यामध्ये दुसरा कुठलाही व्हॉल्व्ह नको, आणि त्याचा आउटलेट पाइप खाली वळवून उघडा, दिसेल असा ठेवा. ठिबकत असेल तर कचरा अडकलाय किंवा प्रेशर खरंच जास्त जातंय, दोन्ही शोधायच्या गोष्टी आहेत.

मेन बंद करणं म्हणजे नुसतं पॅनेलचं बटण नव्हे. ही सिस्टिम ऑटोवर असते, प्रेशर उतरलं की कोणी हात न लावता पंप चालू होतो आणि ड्रेन तर आपण प्रेशर उतरवायलाच उघडतोय. आयसोलेटर (पंपाची वीज पूर्ण तोडणारा स्विच) खाली, शक्य असेल तर कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, मग टेस्टरने खात्री. कॅपॅसिटरमध्ये करंट बंद केल्यावरही चार्ज राहतो, त्यामुळे वायरिंगची कामं इलेक्ट्रिशियनलाच करू द्या, माझं तरी तेच मत आहे.

काटा थरथरतोय त्याबद्दल, टँक रिकामा कराल तेव्हा बाहेरचं गेज शून्यावर येतंय का ते बघून घ्या, नाही आलं तर ते गेजच खोटं बोलतंय. स्विचकडे जाणारी बारीक नळीही उघडून बघा, गाळाने तुंबते आणि मग स्विचला प्रेशर उशिरा कळतं. आणि कोणी वापरत नसताना पंप मधूनच लागत असेल तर टँकच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करून गेजवर लक्ष ठेवा. तरीही प्रेशर उतरलं तर बहुतेक एनआरव्ही (पाणी पंपाकडे उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतोय, स्थिर राहिलं तर पुढे बिल्डिंगच्या पाइपात किंवा कुणाच्या तरी फ्लशमध्ये गळती आहे.

हवा ठीक केल्यावरही चालू-बंद तसंच राहिलं तर टँकची लिटर क्षमता, स्विचचे दोन्ही आकडे आणि पाणी शून्यावर असतानाचं हवेचं रीडिंग कळवा, त्याशिवाय मला पुढचं काही खात्रीने सांगता येणार नाही.