आधी वजन, मग वाचन, किंमत शेवटी : नाणी जमवणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

आज्जीच्या ट्रंकेत तांब्याचं जाड नाणं मिळालं. एका अंगाला रामपंचायतन, दुसऱ्या अंगाला ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, 1818’. मोबाईलवर याला लाखाच्या वर किंमत सांगायलेत. कुणाला दाखवू? (निपाणी)

देव्हाऱ्यात ठेवा, कुणाला दाखवायची गरज नाही. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. देवळांच्या नि जत्रांच्या दुकानांत विकायला केलेली ही टोकनं आहेत. 1818 साली मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. सगळीकडे एकच नाणं सुरू झालं ते 1835 पासून. खऱ्या 1835 च्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं बोधचिन्ह असतं आणि वजन सुमारे 12.95 ग्रॅम भरतं. मद्रासकडच्या होनांवर देवाच्या मूर्ती असत हे खरं, पण ते सोन्याचे बारके होन. तांब्याच्या जाड चकतीशी त्यांचा संबंध नाही.

हेच नाणं ‘तांदूळ ओढतं’ म्हणून कुणी दारात आला तर त्याला चहाही पाजू नका. तांदळाला लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि नाण्यात चुंबक दडवलेलं असतं. ‘विक्रीआधी कमिशन भरा, टॅक्स भरा’ असा फोन आला तर तीही फसवणूकच. आपण असल्या व्यवहारात नाही आणि आपल्या नावानं पैसे घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे.

आमच्या आज्जाचा गोव्याशी व्यवहार होता. डब्यात पोर्तुगीज अक्षरांची पंधरा-वीस नाणी हायत. यावरून सुरुवात करता येईल काय? (खानापूर)

याहून चांगली सुरुवात तुमच्या भागात दुसरी नाही. आधी हिशेब समजून घ्या. पोर्तुगीज गोव्यात 16 टांगांचा (टांगा हे तिथलं छोटं नाणं) 1 रुपिया. 1958 पासून एस्कुदो आला: 100 सेन्ताव्होंचा 1 एस्कुदो, आणि 6 एस्कुदोंचा 1 रुपिया धरला गेला. त्यामुळं ‘एस्तादो द इंडिया’ (म्हणजे पोर्तुगीज भारत) लिहिलेली एस्कुदो-सेन्ताव्होची नाणी 1958 च्या पुढची, म्हणजे गोवामुक्तीआधीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतली. 1881-82 च्या, पोर्तुगालच्या लुईश राजाच्या रुपियाचं वजन इंग्रजी रुपयाइतकंच, 11.66 ग्रॅम, आणि चांदी 91.7 टक्के. 1952 च्या रुपियात मात्र चांदी नाही, तो तांबं-निकेलचा आहे. चमक बघून फसू नका.

एका कागदावर रकाने आखा: साल, मूल्य, धातू, वजन, व्यास. डब्यातलं प्रत्येक नाणं त्यात बसवा. रिकामे रकाने दिसले की पुढं काय शोधायचं ते आपोआप कळतं.

कॉलेजला आहे, खर्चाला महिना तीनशे रुपये. जगातली नाणी कुठून सुरू करू? (बेळगाव)

किलोवर मिळणारी मिश्र नाणी एकदाच घ्या. दुसऱ्यांदा घेतली की निम्मी तीच तीच निघतात. गल्लीत कुवेत, दुबई, सौदीला जाऊन आलेलं कुणीतरी असतंच, त्यांच्याकडं उरलेली चिल्लर मागा. खरी अडचण येते ती साल वाचताना. अरबी आकडे एका दुपारी पाठ होतात. हिजरी सालाला 0.97 नं गुणून 622 मिळवा: 1397 म्हणजे 1977. थाई नाण्यावरच्या सालातून 543 वजा करा. नेपाळची नाणी तर देवनागरीतच असतात. विक्रम संवतातून 57 वजा केले की इसवी सन. म्हणून पहिला परदेश नेपाळ धरावा, असं आमचं मत.

पहिल्या महिन्यात नाणं घेऊच नका. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा सराफी काटा आणि दहापट भिंग घ्या. पैसे पुरले नाहीत तर दुसऱ्या महिन्याचेही त्यातच घाला.

ऑनलाईन साडेतीनशेला शिवराई मिळतीया. घ्यावी काय? खरी कशी ओळखायची? (संकेश्वर)

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. झिजलेली शिवराई त्या किमतीत मिळू शकते, पण नकलीही तेवढ्यालाच विकतात. किंमत हा पुरावा नव्हे, कमी असो वा जास्त.

एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. ठसा चकतीपेक्षा मोठा असे आणि चकती हातानं ठेवून घणाचा घाव घालत. त्यामुळं खऱ्या नाण्यावर एखादं अक्षर अर्धं कापलेलं, कडं एकाच बाजूला आलेलं असतं. सगळी अक्षरं मधोमध, कडं पूर्ण गोल, असं नाणं दिसलं की आम्ही ते आधी संशयितांत टाकतो. लेखनातला फरक मात्र संशयाचं कारण नव्हे. कितीतरी टांकसाळींत आणि दीडशेच्या वर वर्षं ही नाणी पाडली गेली, अक्षरं बदलणारच. जुन्या शिवरायांचं वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम. नंतरच्या, मागं आडव्या दोन रेघा असलेल्या ‘दुदांडी’ त्याहून हलक्या असतात.

मग कड बघा. ओतीव नकलेला कडेवर बारीक शिवण असते किंवा ती घासून काढल्याच्या रेघा असतात. भिंगाखाली पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात; ओतताना अडकलेल्या हवेची ती खूण. खरं नाणं उंचवट्यावर झिजतं, खोलगट भाग टिकतो. नकलेत उंच-खोल सगळं सारखंच बोथट असतं. विक्रेत्याच्या इतर नाण्यांचे फोटोही बघा. दोन नाण्यांना एकाच जागी एकसारखा टवका असेल तर दोन्ही एकाच साच्यातली.

चांदीच्या रुपयाला आणखी एक परीक्षा आहे. आपल्याकडं मराठा काळातले ‘आझमनगर गोकाक’ टांकसाळीचे फारसी अक्षरांचे रुपये मिळतात, लोक शिवराईच्या नादात त्यांच्याकडं बघत नाहीत. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. 11.66 ग्रॅमचा इंग्रजी रुपया 1.13 दाखवतो, भागाकार, म्हणजे धातूची घनता, 10.3 येतो. 8.5 ते 9 आला तर पितळ किंवा तांब्यावर मुलामा. 1940 ते 45 च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यांचा आकडा मुळातच कमी येतो. तिथं घाबरू नका.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन ‘स्वस्तात’ देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

चिंच लावून घासलं तर चालतं काय? पावसाळ्यात नाणी हिरवी पडतात. (खानापूर)

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितांबरी यातलं काहीही नको. आम्ल तांब्याचा वरचा थर खातं, नाणं गुलाबी पडतं आणि किंमत निम्म्याच्या खाली येते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवसभर ठेवा, मऊ कापडानं टिपून घ्या, पुसू नका. अल्बमचा चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवा, खिडकी उघडी ठेवून आणि चुलीपासून लांब. नेलपॉलिश काढायचं पाणी चालत नाही, त्यात तेल नि रंग असतो.

हिरवा रंग दोन प्रकारचा. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर नाण्याचं रक्षणच करतो. फिकट हिरवी पूड, नखानं निघणारी, म्हणजे क्षारांचा रोग. ते नाणं लगेच वेगळं काढा. वासाचे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम टाका, त्या पीव्हीसीतूनच हिरवा चिकटा येतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये नाणं ठेवून पिना पक्कडीनं सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, जूनपासून दर महिन्याला बदलायच्या.

प्राचीन नाणं घ्यायचंय. रोमन घ्यावं की आपलं? (अथणी)

चौथ्या शतकातली, कॉन्स्टंटाईन सम्राटाच्या घराण्याची रोमन ब्राँझची नाणी स्वस्त आणि मुबलक आहेत. पण वाचनाची गोडी हवी तर पश्चिमी क्षत्रपांचं, म्हणजे पश्चिम भारतातल्या जुन्या शक राजांचं, चांदीचं नाणं घ्या. दोनेक ग्रॅमचं एवढंसं नाणं. त्यावर ब्राह्मीत राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव, बऱ्याच नाण्यांवर डोक्यामागं शक वर्ष. त्यात 78 मिळवा. नाशिकजवळच्या जोगळटेंभीत 1906 साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. घेण्याआधी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात एक चक्कर मारा, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत.

कोल्हापूरकडची धनुष्यबाणाची शिशाची नाणी घेतलीत तर लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडाच्या वाफेनं शिसं पांढरी पूड होऊन झडतं. हाताळल्यावर हात धुवा.

नांगरताना मडक्यात नाणी सापडली. विकता येतील काय? (हुक्केरी)

नाही. ते गुप्तधन ठरतं. तहसीलदारांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशातल्या पाव्हण्याला पोस्टानं पाठवणंही 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं गुन्हा आहे. सापडलेली नाणी धुऊ नका, वाटून घेऊ नका, जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मडकं फुटलं असेल तर खापऱ्याही गोळा करून त्याच पिशवीत घाला. नाण्यांवरची अक्षरं गेलेली असली तरी खापरीवरून काळ ठरवता येतो.