कडी लावलेली, तरी कोंबड्या गेल्या

प्रश्न : ताई, राधानगरीजवळ डोंगराच्या कडेला आमची वस्ती. पंधरवड्यात ९ गावरान कोंबड्या गेल्या. परवा एका रात्रीत ४. तिघी तिथंच मान फोडून टाकलेल्या, एक नेलेली. दाराची कडी तशीच. आई म्हणते मुंगूस, शेजारी म्हणतात विष घाला. काय करू?

उत्तर : दादा, विष अजिबात नको. ते तुमचंच कुत्रं खाईल, शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. मुंगूस दिवसा हिंडतं. रात्री बंद खुराड्यात शिरलं ते बहुतेक उदमांजर, नाहीतर बाऊल, म्हणजे रानमांजर. कोंडलेल्या कोंबड्या फडफडायला लागल्या की ते एकीवर थांबत नाही.

माझ्याकडं असंच झालं तेव्हा मी दोन दिवस खाली भोकं शोधत होते. तिसऱ्या दिवशी वर बघितलं, तर एक कौल चार बोटं सरकलेलं आणि वाशाला काळपट केस चिकटलेले. फणसाच्या फांदीवरून उतरलं होतं. फांदी त्याच दिवशी तोडली.

तुम्हीही आधी छप्पर बघा. कोंबड्यांची ती षटकोनी पातळ जाळी कोंबड्यांना अडवते, शिकाऱ्याला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, कौलांखालीही मारा. तळाशी ती फूटभर बाहेर वळवून मातीत पुरा. उकरणारं तिथंच अडतं. दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडा. पिलंवाली असेल तर रात्री डालग्याखाली, घरातच.