सोन्याचे कण शरीरात विरघळतात म्हणजे नेमकं काय होतं

भाऊ, तुमचे दोन प्रश्न आहेत. सोन्याचे नॅनोकण आधी गाठ दाखवतात, मग तिला जाळतात आणि शेवटी शरीरात विरघळून जातात हे खरं का? आणि त्यासाठी बाबांच्या जिभेच्या कर्करोगाचं ऑपरेशन पुढे ढकलावं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: ढकलू नका. तारीख मिळाली आहे ना, त्याच तारखेला भरती करा.

आता पहिला. मी नागपुरातल्या एका कॉलेजात २६ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. एम.एस्सी.च्या मुलांकडून दरवर्षी एक प्रयोग करून घ्यायचो. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं. पिवळेपणा उडतो, पाणी काळपट निळं होतं आणि काही मिनिटांत माणकासारखं लाल. त्यात मिठाचं पाणी सोडलं की लाल जाऊन निळं-जांभळं. सोनं तेच, फक्त कण एकमेकांना चिकटले. मांडणी बदलली की कण कोणता प्रकाश शोषतात तेही बदलतं. शोषलेल्या प्रकाशाने कण तापतात, आणि हा सगळा उपचार त्यावरच उभा आहे.

सुटे बारीक कण हिरवा प्रकाश शोषतात, पण हिरवा प्रकाश मांसात फारसा शिरत नाही. तांबड्याच्या पलीकडचा थोडा खोल जातो. म्हणून आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी लायपोसोमवर, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यावर, सोन्याचे कण दाट बसवले. ते कवच ७५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, लेझरने तापतं. पुढे यकृतात फुगा मोडतो, कण सुटे होतात आणि पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर पडतात. सोनं विरघळत नाही, त्याचा सांगाडा मोडतो. हे महत्त्वाचं का, तर साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठा कण मूत्रपिंडातून गाळला जात नाही. तो यकृतात आणि प्लीहेत मुक्काम ठोकतो. शरीरात खरोखर विरघळतात ते लोह ऑक्साइडचे कण. त्यातलं लोखंड शरीर स्वतःच्या साठ्यात जमा करतं आणि ते कण एमआरआयमध्येही दिसतात. सोनं एक्स-रे अडवतं, म्हणून गाठ दाखवायला त्याचा उपयोग सीटी स्कॅनमध्ये.

आयआयटीचं ते काम २०१५ साली छापून आलं. लेझर दिल्यावर गाठ पूर्ण गेली, पण उंदरांची. मला त्या कामाचं मनापासून कौतुक आहे, तरीही उंदराच्या कातडीखालची गाठ आणि बाबांची जीभ यांत मोठं अंतर आहे. जिभेवर लेझर पोचेलही. मानेतल्या लसिका ग्रंथींचं (लिम्फ नोड्सचं) काय? जिभेचा कर्करोग तिकडे लवकर सरकतो, म्हणून सर्जन बहुतेक वेळा त्या ग्रंथीही काढतात. शिवाय काढलेला तुकडा पॅथॉलॉजीत जातो, कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का, मूळ किती खोल गेलं ते कळतं, आणि रेडिएशन लागणार की नाही हे त्यावर ठरतं. जाळून टाकलेल्या गाठीतून यातलं काय कळणार?

‘नॅनो गोल्ड’ म्हणून जे थेंब तुम्हाला सुचवलेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही. लेझरशिवाय ते कण तापतच नाहीत. खरी चाचणी चालू असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडते. तिथे फुकट शोधता येतं, आणि बाबांच्या डॉक्टरांनाही विचारा.

माझ्या मोठ्या भावाला खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे, गालाचा कर्करोग झाला होता. एकाने दिलेल्या औषधाच्या पुड्यांवर आम्ही दोन महिने घालवले. बायोप्सीच्या वेळी सुपारीएवढी असलेली गाठ ऑपरेशनच्या दिवशी गालाबाहेर आली होती. म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय.

एक काम या आठवड्यातच करा. रेडिएशनची शक्यता असेल तर बाबांना आधी दंतवैद्याकडे न्या. किडलेले दात काढायचे असतील तर आधीच काढून जखम भरू द्यावी लागते. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड काही वेळा भरून येत नाही, सडू शकतं. बाबांचा खर्रा अजून सुरू असेल तर तो आजच बंद. रिपोर्ट आला की इथे लिहा, मी वाचतो.