आईबाबांना पहिल्यांदाच इटालियन बार-रेस्टॉरंटमध्ये नेतोय, काय मागवू?

तुम्ही लिहिलंय की आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, त्यांना पुण्यातल्या एका इटालियन बार-रेस्टॉरंटमध्ये न्यायचंय, आईंना अंडंही चालत नाही, बाबा कधीतरी एखादा पेग घेतात आणि तुम्हाला स्वतःला पिझ्झापलीकडे फारशी माहिती नाही.

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं मिलानला होते. परत आल्यावर हौसेने माझ्या शाकाहारी आईला अशाच एका ठिकाणी नेलं. मशरूमचा रिझोत्तो मागवला, आपल्या आसट भातासारखा, तिला फार आवडला. अर्धा संपल्यावर कळलं की तो चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे चिकन उकळून काढलेल्या पाण्यात शिजवला होता. मेनूत नुसतं 'मशरूम' लिहिलं होतं आणि मी विचारलं नव्हतं. आई काही बोलली नाही, पण पुढे पाण्याशिवाय कशालाच तिने हात लावला नाही. म्हणून आधी हे सांगते, बाकी सगळं नंतर.

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, किचन निवांत असताना फोन करा आणि शेफला विचारून सांगा असं म्हणा. रिझोत्तो आणि सूप कशाच्या स्टॉकमध्ये करता? पास्ता ताजा की सुका? ताज्या पास्त्याच्या पिठात बहुधा अंडं असतं, सुका साधारणपणे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच. चीज कुठलं? अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तो त्यांचा नियमच आहे. पेस्तोमध्येही, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीतही, हे चीज असतं. शाकाहारी रेनेटचं चीज मिळतं, पण ते वापरतात का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. गोडात तिरामिसूमध्ये अंडं आणि पान्ना कोत्तामध्ये जिलेटिन, दोन्ही आईंसाठी नकोत.

आता आनंदाची गोष्ट. इटलीतले सगळ्यात साधे पदार्थच तुमच्या आईंच्या पथ्यात बसतात. पिझ्झा मारिनारा घ्या: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज अजिबात नाही. नापोलीच्या पद्धतीची भट्टी असेल तर तो ४८५ अंशांच्या आसपास ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. कडेला काळे डाग पडतात, ते करपणं नव्हे. मधला भाग मऊच असतो, तेव्हा सुरी-काट्याने खायला सांगा.

दुसरा पदार्थ म्हणजे स्पॅगेटी आल्यो ए ओल्यो. तेलात मंद आचेवर लसूण, त्यात सुकी लाल मिरची, वरून पार्स्ली. लसणाची फोडणीच ती! पास्ता उकडलेलं थोडं पाणी त्यात घालतात, त्यातल्या पिठूळपणामुळे तेल मिळून येतं. माझ्या आईने दुसऱ्या वेळी हीच ताटली पुसून खाल्ली. फक्त बाबांना आधी सांगून ठेवा: भातात कणी राहिली तर आपण नाक मुरडतो, पण पास्त्यात मधोमध किंचित कणी मुद्दाम ठेवतात.

सगळं एकदम टेबलावर मागवू नका. आधी ब्रुस्केत्ता, म्हणजे टोमॅटो वगैरे घातलेला भाजका पाव (उच्चार 'स्के' असाच), मग पास्ता, मग पिझ्झा, प्रत्येक वेळी एकच ताटली तिघांत. वेटरला तसं सांगितलं की तो सांभाळून घेतो.

बाबांसाठी निग्रोनी हे कॉकटेल नको. जिन, कंपारी (कडू लिक्युअर) आणि गोड व्हर्मूथ (मसालेदार वाइन) समसमान, म्हणजे कडकही आणि काडेचिराइतासारखी कडूही. आपेरोल स्प्रिट्झ जास्त योग्य: तीन भाग प्रोसेक्को (फसफसणारी इटालियन वाइन), दोन भाग आपेरोल (संत्र्याच्या चवीचं, किंचित कडू लिक्युअर), एक भाग सोडा, भरपूर बर्फ, संत्र्याची चकती. आपेरोलमध्ये अल्कोहोल ११ टक्केच. तिकडे हे पेय जेवणाआधी भूक उघडायला घेतात, सोबत ऑलिव्ह आणि काहीतरी खारं, म्हणून ते पहिल्यांदाच मागवा. आईंसाठीही तसाच मोठा ग्लास मागवा, संत्र्याचा रस आणि सोडा घातलेला. आपल्यापुढे नुसतं पाणी, असं त्यांना वाटायला नको.

टेबल संध्याकाळी सातचं घ्या आणि बार काउंटरपासून दूरचं मागा. नऊनंतर गाण्यांचा आवाज वाढतो आणि मग आईबाबांना एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो ऐच्छिक असतो, हेही लक्षात असू द्या.

शेवटी अफोगातो मागवा, मात्र आइस्क्रीम बिनअंड्याचं आहे ना हे त्याच फोनवर विचारून ठेवा. व्हॅनिलाचा गोळा वेगळा आणि गरम एस्प्रेसो वेगळी आणायला सांगा. कॉफी ओतण्याचं काम आईंकडे द्या.